लेबलाचा पत्ता: असेंब्लीपासून बाइटकोडपर्यंत

इथेरियम या ब्लॉकचेनवर (पुढे तिला मी साखळी म्हणतो) ठेवलेले स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे तेथे चालणारा प्रोग्रॅम, ही शेवटी बाइटांची एक सरळ ओळ असते. तिच्यात फंक्शनांची नावे नसतात, चलांची नावे नसतात, कंस नसतात आणि टिपाही नसतात. सॉलिडिटीसारख्या भाषेत लिहिणाऱ्या बहुतेकांवर ती ओळ उघडून पाहण्याची वेळ येत नाही, कारण कंपायलर ती तयार करतो आणि ती चालते. गेले वर्षभर मी मात्र कोल्हापुरात घरी, नोकरीचे काम संपल्यावर, असेंबलर नावाचे एक छोटे साधन लिहीत आहे. असेंब्लीतील, म्हणजे यंत्राच्या एकेका सूचनेला नाव देणाऱ्या भाषेतील, सूचना वाचायच्या आणि त्यांचा बाइटकोड, म्हणजे वरची ती बाइटांची ओळ, करायचा, एवढेच त्याचे काम. सूचनेच्या नावाजागी तिचा आकडा ठेवला की झाले, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. तो भाग एका संध्याकाळी संपला. उरलेले सगळे वर्ष पत्ते ठरवण्यात गेले.

पत्त्यांचा हा प्रश्न मला नवा नव्हता, तरी मी तो विसरलो होतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आम्हाला ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे किट असे. वहीत डावीकडे असेंब्ली लिहायची, ऑपकोडचा, म्हणजे सूचनांच्या आकड्यांचा, तक्ता पाहून उजवीकडे हेक्स (सोळाच्या पायावरचे) आकडे लिहायचे आणि मग ते किटच्या बटणांनी एकेक करून भरायचे. पुढच्या ओळीवर उडी मारायची असेल तर त्या ओळीचा पत्ता अजून ठाऊक नसे. म्हणून सी३ हा उडीचा ऑपकोड लिहून पुढे दोन चौकटी रिकाम्या सोडायच्या आणि सगळा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर मागे येऊन त्या भरायच्या, असे आमचे शिक्षक सांगत. मध्ये एखादी सूचना राहून गेली असेल तर तिच्या खालचे सगळे पत्ते बदलत आणि खोडरबर हाती घ्यावे लागे. दोन फेऱ्यांचा असेंबलर म्हणजे हीच पद्धत यंत्राच्या स्वाधीन केलेली: पहिल्या फेरीत प्रत्येक लेबल, म्हणजे उडीच्या मुक्कामाला दिलेले नाव, कितव्या बाइटवर येते ते मोजायचे, दुसऱ्या फेरीत रिकाम्या चौकटी भरायच्या. एक फरक मात्र मला महागात पडला. ८०८५ मध्ये पत्त्याचा खालचा बाइट आधी लिहितात, इथेरियमच्या यंत्रात, म्हणजे हा बाइटकोड चालवणाऱ्या आभासी यंत्रात, वरचा आधी. हाताला लागलेली जुनी सवय मोडायला मला पहिला आठवडा लागला.

इथेरियमच्या यंत्राला रजिस्टरे, म्हणजे आकडे हाताशी ठेवायचे कप्पे, नाहीत. सगळा व्यवहार स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या शब्दांच्या चळतीवर, चालतो. स्टॅकवरचा प्रत्येक शब्द २५६ बिटांचा, स्टॅकची कमाल खोली १०२४ शब्दांची, पण डुप आणि स्वॅप या सूचनांना हात घालता येतो तो वरच्या थोड्या शब्दांपर्यंतच: डुप१६ सोळाव्या शब्दाची प्रत काढते, स्वॅप१६ सर्वांत वरच्या शब्दाची सतराव्याशी अदलाबदल करते. प्रत्येक ऑपकोड एका बाइटचा असतो. त्यांतील पुश१ ते पुश३२ या सूचना, म्हणजे हेक्समधील ६० ते ७एफ, आपल्यामागून येणारे एक ते बत्तीस बाइट उचलून स्टॅकवर ठेवतात. सूचनेला चिकटून माहिती येते ती फक्त येथे, आणि असेंबलर लिहिणाऱ्याच्या जवळपास सगळ्या अडचणी याच कुटुंबात जन्मतात.

उदाहरण घरचेच घेतो. आमची बारा जणांची भिशी आहे. तिच्या हप्त्यांची मोजणी ठेवणारे अगदी लहान कॉन्ट्रॅक्ट मी सरावासाठी लिहिले. काहीही माहिती न पाठवता त्याला हाक मारली तर आतापर्यंतच्या हप्त्यांची संख्या परत मिळावी आणि काही माहिती पाठवली तर संख्या एकाने वाढावी, एवढेच त्याचे काम. कोण हाक मारतो आहे हे ते तपासत नाही, त्यामुळे खऱ्या वापराला ते निरुपयोगी आहे. पत्त्यांचा प्रश्न दाखवायला मात्र ते पुरेसे आहे. माझ्या असेंबलरमध्ये लेबलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. बाइटकोडमध्ये त्यांचा मागमूस उरत नाही, मग ती आपल्या भाषेत का असू नयेत? खाली @हप्ता म्हणजे हप्ता या लेबलाचा पत्ता, जम्पआय म्हणजे अट पुरी झाली तरच उडी, एसलोड आणि एसस्टोअर म्हणजे कायमच्या साठ्यातून वाचणे आणि त्यात लिहिणे; पुश ३२ म्हणजे बत्तीस हा आकडा स्टॅकवर ठेवणे, पुश३२ ही सूचना नव्हे.

कॉलडेटासाइझ
पुश @हप्ता
जम्पआय
पुश ०
एसलोड
पुश ०
एमस्टोअर
पुश ३२
पुश ०
रिटर्न
हप्ता: जम्पडेस्ट
पुश ०
एसलोड
पुश १
ॲड
पुश ०
एसस्टोअर
स्टॉप

याचा बाइटकोड हेक्समध्ये असा होतो (दहा ते पंधरा या अंकांसाठी ए ते एफ): ३६ ६० ०सी ५७ ५एफ ५४ ५एफ ५२ ६० २० ५एफ एफ३ ५बी ५एफ ५४ ६० ०१ ०१ ५एफ ५५ ००. एकूण एकवीस बाइट. शून्यापासून मोजत गेलात तर ५बी, म्हणजे उडीचा मुक्काम दाखवणारा जम्पडेस्ट, बाराव्या स्थानावर सापडतो, आणि तेच बारा दुसऱ्या सूचनेत ०सी होऊन बसले आहेत. मध्यभागी ०१ सलग दोनदा आला आहे. त्यांतील पहिला पुश१ ने उचललेला आकडा आहे आणि दुसरा ॲड ही सूचना. बाइट पाहून हे कळत नाही, सुरुवातीपासून वाचत आल्यावरच कळते. या ओळीत मधूनच शिरणाऱ्याला अर्थ लागण्याची शाश्वती नाही, हे येथे एकदा नीट पाहून ठेवावे, कारण पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

शून्य स्टॅकवर ठेवण्यासाठी येथे ५एफ, म्हणजे पुश०, वापरला आहे. ही सूचना १२ एप्रिल २०२३ च्या शांघाय बदलात आली. त्याआधी शून्यासाठी ६० ०० असे दोन बाइट लागत आणि तीन गॅस (साखळीवर काम करून घेण्याचे शुल्क मोजण्याचे एकक) पडत. पुश० ला एकच बाइट आणि दोन गॅस पुरतात. ज्या साखळ्यांनी हा बदल स्वीकारलेला नाही, तेथे ५एफ अवैध ठरतो. म्हणून कोणत्या नियमांच्या साखळीसाठी बाइटकोड करायचा आहे, हे असेंबलरला आधी सांगावे लागते.

आता मुख्य गोष्ट. वरच्या उदाहरणात पुश @हप्ता याचे पुश१ झाले, कारण बारा हा आकडा एका बाइटात मावतो. लेबल २५५ च्या पुढे गेले तर पुश२ लागतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत मी याचा विचारच केला नव्हता आणि सगळीकडे पुश१ धरला होता. भिशीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी हाक मारणाऱ्याची तपासणी, सभासदांची नोंद, हप्त्याची रक्कम असे एकेक घालत गेलो आणि ते सेपोलिया या चाचणीच्या जाळ्यावर नीट चालत राहिले. एका रविवारी मी त्यात एक साधी तुलना वाढवली आणि शेवटची उडी बंद पडली. त्या व्यवहाराला दिलेला सगळाच्या सगळा गॅस गेला. रिव्हर्टने, म्हणजे कॉन्ट्रॅक्टने स्वतःहून केलेले बदल मागे घेऊन, थांबलेला व्यवहार उरलेला गॅस परत करतो. अवैध जागी उडी मारणे हा निराळा दोष आहे आणि त्यात काहीच परत मिळत नाही. लेबलाचा पत्ता २५५ वरून पुढे सरकून २५६ झाला होता, हेक्समध्ये ०१ ००. माझ्या असेंबलरने त्यातला खालचा बाइट तेवढा ठेवला आणि वरचा टाकून दिला, म्हणून यंत्र शून्यावर उडी मारायला गेले. शून्यावर जम्पडेस्ट नव्हता. तसा तो असता तर कॉन्ट्रॅक्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते आणि चूक शोधणे याहून कठीण झाले असते.

यावर सोपा उपाय आहे, आणि तो वाईट नाही. साखळीवर ठेवायच्या बाइटकोडची मर्यादा २४,५७६ बाइट आहे. म्हणजे कोणताही पत्ता दोन बाइटांत मावतोच. सगळ्या लेबलांना पुश२ लावला की प्रश्न संपतो. चालताना पुश१ आणि पुश२ दोघांनाही तीनच गॅस पडतात. जास्तीचा खर्च होतो तो कॉन्ट्रॅक्ट ठेवताना, कारण ठेवलेल्या प्रत्येक बाइटमागे २०० गॅस द्यावा लागतो. दहा-बारा उड्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ही फार मोठी रक्कम नाही. तरीही मला तो उपाय पटेना. असेंब्लीत लिहिणारा माणूस बाइट मोजण्यासाठीच येथपर्यंत खाली उतरलेला असतो आणि त्याच्या साधनाने त्याला न विचारता प्रत्येक उडीमागे एक रिकामा बाइट घालावा, हे योग्य नव्हे.

मग रुंदी मोजायची कशी? येथे मोठा पेच आहे. लेबलाचा पत्ता त्याच्या आधीच्या सूचनांच्या रुंदीवर ठरतो आणि त्या सूचनांची रुंदी लेबलांच्या पत्त्यांवर ठरते. माझा पहिला प्रयत्न वरून खाली येण्याचा होता: सगळे पुश२ धरायचे, पत्ते मोजायचे आणि जे एका बाइटात मावतात ते पुश१ करायचे. यात सुरक्षितता होती, पण उत्तर नेहमी सर्वांत लहान येत नव्हते. समजा एकच उडी आहे आणि तिचे लेबल पुश१ धरला तर २५५ वर येते, पुश२ धरला तर २५६ वर. वरून निघालो तर लेबल २५६ वर दिसते, ते एका बाइटात मावत नाही, म्हणून पुश२ तसाच राहतो आणि लेबलही २५६ वरच राहते. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून ठेवतात. खालून निघालो तर लेबल २५५ वर दिसते, मावते आणि प्रश्न तेथेच मिटतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण दुसरे लहान आहे.

म्हणून आता माझा असेंबलर खालून निघतो. पहिल्या फेरीत सगळ्या लेबलांना पुश१ देतो, पत्ते मोजतो, जे मावत नाहीत तेवढेच रुंद करतो आणि पुन्हा मोजतो. एकदा रुंद केलेले पुन्हा अरुंद करायचे नाही, हा नियम. त्यामुळे प्रत्येक लेबल जास्तीत जास्त एकदाच रुंदावते आणि फेऱ्यांना शेवट असतो. जे रुंद होते ते नाइलाजाने झालेले असते, म्हणून हाती येणारे उत्तर सर्वांत लहान असते. हे मी आधी कागदावर सिद्ध केले आणि मग लिहिले. वर्षभरातले माझे सर्वांत समाधानाचे दोन तास तेच होते. त्यानंतर असेंबलरच्या या भागाला मला हात लावावा लागलेला नाही.

उडीच्या मुक्कामाबद्दल यंत्र फार काटेकोर आहे. तेथे ५बी हा बाइट असला पाहिजे आणि तो सूचना म्हणून असला पाहिजे, एखाद्या पुशने उचललेल्या माहितीतला चालत नाही. यंत्र कॉन्ट्रॅक्टचा बाइटकोड सुरुवातीपासून चालत जाते, पुश भेटला की त्याची माहिती ओलांडते आणि वैध मुक्कामांची नोंद करते. मी एकदा सभासदांच्या खात्यांच्या पत्त्यांचा तक्ता कोडच्या मध्येच ठेवला, कारण ज्या भागाला तो लागतो त्याच्याजवळ तो असावा असे मला वाटले. त्या तक्त्यापर्यंत प्रोग्रॅम कधी पोहोचत नव्हता, त्याआधीच उडी मारून पुढे जात होता. पण मोजणी करणाऱ्या यंत्राला हे कसे कळणार? तक्त्याच्या शेवटच्या बाइटांत एक ७एफ निघाला. यंत्राने तो पुश३२ समजून पुढचे बत्तीस बाइट माहिती म्हणून ओलांडले आणि त्यांतच माझा जम्पडेस्ट गेला. बाइटकोड डोळ्यांनी पाहिला तर लेबलाच्या जागी ५बी स्पष्ट दिसत होता आणि उडी मात्र अवैध ठरत होती. तेव्हापासून माहितीचे तक्ते कोडच्या शेवटी, स्टॉप किंवा रिटर्नच्या पलीकडे ठेवायचे, आणि मध्ये ठेवले तर असेंबलरने काम थांबवून तसे सांगायचे, असे मी ठरवले आहे.

आतापर्यंत ज्याला मी कॉन्ट्रॅक्ट म्हणत आलो, ते साखळीवर थेट पाठवता येत नाही. आपण पाठवतो तो घडवणारा कोड. तो एकदाच चालतो आणि चालून जे बाइट परत करतो, तेच कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर कायमचे राहतात. हा भेद मित्रांना समजावताना मला आमच्या शिवाजी उद्यमनगरच्या फाउंड्र्यांपलीकडे जावे लागत नाही. वाळूचा मोल्ड एका ओतकामापुरता असतो. धातू थंड झाला की मोल्ड फोडायचा आणि कास्टिंग बाहेर काढायचे. फाउंड्रीत उभा जन्म काढलेल्या माझ्या मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “मग माप कशावरनं घ्यायचं, मोल्डवरनं का कास्टिंगवरनं?” ज्या चुकीवर मी तीन रात्री बसलो होतो, नेमका तोच हा प्रश्न होता.

आमच्या एकवीस बाइटांसाठी घडवणारा कोड नऊ बाइटांचा आहे: ६० १५ ८० ६० ०९ ५एफ ३९ ५एफ एफ३. हेक्समधील १५ म्हणजे एकवीस, ही कॉन्ट्रॅक्टची लांबी. ०९ म्हणजे ते जेथून सुरू होते ती जागा. ३९ ही सूचना तेवढे बाइट मेमरीत उतरवते आणि एफ३ ते परत करते. पाठवायची पूर्ण ओळ तीस बाइटांची झाली. माझ्या असेंबलरने त्या सगळ्या ओळीला एकच फूटपट्टी लावली आणि हप्ता या लेबलाचा पत्ता बाराऐवजी एकवीस काढला. पण कॉन्ट्रॅक्ट चालते तेव्हा सुरुवातीचे ते नऊ बाइट तेथे नसतात. व्यवहाराच्या नोंदीत ते राहतात, कॉन्ट्रॅक्टच्या पत्त्यावर राहत नाहीत. माप कास्टिंगवरून घ्यायचे होते. आता दोन्ही भागांची मोजणी स्वतंत्रपणे शून्यापासून होते आणि आतल्या भागाची लांबी बाहेरच्या भागाला साध्या आकड्यासारखी मिळते. आतला भाग २५५ बाइटांच्या पुढे गेला की त्याची लांबी सांगणारा पुशही रुंदावतो, घडवणारा कोड दहा बाइटांचा होतो आणि ०९ च्या जागी ०ए येतो. म्हणजे रुंदीचा तोच पेच येथेही आहे, आणि खालून निघण्याची तीच पद्धत येथेही पुरते.

फंक्शन निवडण्याच्या बाबतीत एक सावधगिरी थोडक्यात नोंदवतो. हाक मारताना पाठवलेल्या माहितीचे पहिले चार बाइट फंक्शनची ओळख सांगतात आणि ते फंक्शनच्या नावाच्या व त्याच्या घटकांच्या प्रकारांच्या केकॅक-२५६ हॅशमधून, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या ठशातून, घेतलेले असतात. टोकन पाठवण्याच्या नेहमीच्या फंक्शनची ओळख ए९ ०५ ९सी बीबी ही आहे. मी हॅशसाठी भाषेसोबत आलेले एसएचए३-२५६ वापरले आणि माझी एकही ओळख जुळेना. इथेरियमने केकॅक स्वीकारले ते २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्याचे एसएचए३ हे अधिकृत प्रमाण प्रसिद्ध होण्याआधी, आणि प्रमाण ठरवताना भरणीचा (मजकुराच्या शेवटी जोडायचा) बाइट ०१ वरून ०६ झाला. एवढ्या फरकाने संपूर्ण हॅश बदलतो.

सध्या मी स्टॅकच्या उंचीवर काम करतो आहे. दोन वाटांनी एकाच लेबलाशी येता येत असेल आणि एका वाटेने स्टॅकवर तीन शब्द येत असतील, दुसरीने चार, तर पुढची प्रत्येक डुप चुकीच्या शब्दाला हात घालते. यंत्र यावर काही बोलत नाही. स्टॅक रिकामा पडला किंवा १०२४ च्या वर गेला तरच ते थांबते. जावाच्या यंत्रात बाइटकोड चालण्याआधी ही उंची तपासली जाते, येथे तशी तपासणी नाही. एकदा ठेवलेला बाइटकोड त्या पत्त्यावर बदलताही येत नाही. ही तपासणी असेंबलरने करावी, असे माझे ठाम मत आहे.

पुशच्या लगेच मागून जम्प येत असेल तर उडी कोठे जाणार हे वाचूनच कळते आणि उंची पुढे मोजत नेता येते. पण आतल्या फंक्शनातून परतताना पत्ता आधीच कधीतरी स्टॅकवर ठेवलेला असतो, मध्ये दहा सूचना होतात आणि मग एकटाच जम्प येतो. तो कोठे जाईल हे असेंबलरला सर्व वेळी ओळखता येणे शक्य नाही. बरेच दिवस मी ते ओळखण्याच्या युक्त्या लिहून पाहिल्या आणि प्रत्येकीला फसवणारा प्रोग्रॅम मला स्वतःलाच सापडत गेला. आता लिहिणाऱ्यानेच प्रत्येक लेबलापाशी, येथे पोहोचताना स्टॅकवर किती शब्द असले पाहिजेत तो आकडा लिहावा, असे ठरवले आहे: हप्ता: ०. ज्या वाटा असेंबलरला दिसतात त्यांची उंची तो त्या आकड्याशी ताडून पाहतो आणि ज्या दिसत नाहीत त्यांची नावे वेगळी छापतो. भिशीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अशा चार उड्या निघाल्या. त्या मी हाताने तपासल्या, वहीत, डावीकडे सूचना आणि उजवीकडे प्रत्येक सूचनेनंतरचा स्टॅक लिहून.